‘वय झालंय’ म्हणण्याआधी

वॉर्डात रोज कानावर पडणारं एक वाक्य आहे : ‘आता वय झालंय त्यांचं, चालायचंच.’ मुलगा म्हणतो, सून म्हणते, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक म्हणतात आणि डबल ड्युटीला दमलेली सिस्टरही म्हणते. आजोबांनी रात्री अंथरूण ओलं केलं, वय झालंय. आजी दोन दिवस धड जेवल्या नाहीत, वय झालंय. मोरीत पाय घसरला, सकाळी नातवाला ओळखलं नाही, तरी तेच. या वाक्याआड न्यूमोनिया लपतो, खुब्याचं मोडलेलं हाड लपतं, रक्तातलं घसरलेलं सोडियम लपतं. वय हे निदान नव्हे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं वय कालही अठ्ठ्याहत्तरच होतं. काल ते स्वतः उठून संडासला जात होते आणि आज जात नाहीत, तर हा फरक वयानं पडलेला नाही. रात्रीतून काहीतरी घडलंय, आणि ते शोधता येतं. बहुतेक वेळा ते सगळ्यांत आधी परिचारिकेलाच दिसू शकतं, कारण त्या माणसाजवळ दिवसरात्र तीच असते.

तरुण माणसाला न्यूमोनिया झाला की ताप चढतो, खोकला येतो, छातीत दुखतं. आजार आपलं नाव सांगतच येतो. पंचाहत्तरीनंतर तसं होईलच असं नाही. ताप नसतो, खोकला किरकोळ असतो. घरचे घेऊन येतात ते ‘कालपासून नुसत्या पडून आहेत, काही खात नाहीत’ म्हणून, किंवा ‘सकाळी पडल्या’ म्हणून. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. दम लागतो, घाम फुटतो, कधी फक्त डोकं फिरल्यासारखं होतं. याचं कारण असं, की हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू या सगळ्यांची राखीव ताकद वयाबरोबर कमी होत जाते. मे महिन्यात तळाला गेलेल्या विहिरीतून घरापुरतं पाणी निघतं, पण लग्नघर झालं की तिसऱ्या घागरीलाच गाळ येतो. तसं हे शरीर. रोजचं काम निभतं, वरचा ताण निभत नाही. आणि कोसळतं ते दुखणं असलेलंच इंद्रिय, असंही नाही. जे आधीच कमजोर असेल ते आधी हात टेकतं. जंतुसंसर्ग छातीत असतो, पण चळतो मेंदू. शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, पण दगा देतात पाय.

म्हणून वृद्धांच्या बाबतीत वैद्यकशास्त्र रोगांच्या यादीशेजारी आणखी एक यादी ठेवतं. तिला जेरियाट्रिक सिंड्रोम म्हणतात. एका रोगाची अनेक लक्षणं, हे आपण शिकलेलो असतो. इथे उलट आहे : कारणं अनेक, आणि ती एकत्र येऊन दिसणारी अवस्था एक. ब्रिटिश वृद्धवैद्यक बर्नार्ड आयझॅक्स यांनी अशा चार अवस्थांना वृद्धवैद्यकातले ‘महाकाय’ म्हटलं : हालचाल थांबणं, तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं आणि बुद्धी चळणं. पुढे अमेरिकेतल्या परिचारिका आणि प्राध्यापक टेरी फुल्मर यांनी खाटेशेजारी उभं राहून वापरता येईल अशी सहा गोष्टींची चाचपणी बसवली. झोप, खाणं, लघवी-शौच, भ्रम, पडणं आणि त्वचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘स्पाइसेस’ म्हणतात. सहाही गोष्टी एका फेरीत पाहता येतात आणि त्यासाठी कुठलंही मशीन लागत नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात साठीच्या पुढची माणसं ८.६ टक्के होती, महाराष्ट्रात ९.९ आणि गोव्यात ११.२ टक्के. त्यानंतर हे प्रमाण वाढतच आलं आहे. मेडिसिनच्या वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही हे आकडे वेगळे सांगावे लागत नाहीत, खाटांकडे नजर टाकली की कळतं.

सहांपैकी सगळ्यांत जास्त निसटतो तो भ्रम, म्हणजे डिलिरियम. जुनी माणसं ‘वात झाला’, ‘वातात बडबडतायत’ म्हणतात ते बहुधा हेच. पेशंट रात्री सलाईन उपसतो, खाटेवरून उतरू बघतो, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो, मेलेल्या भावाला हाका मारतो. असा पेशंट सगळा वॉर्ड जागा करतो, म्हणून तो निदान दिसतो तरी. धोका जास्त आहे तो दुसऱ्या प्रकारात. त्यात आजी गप्प होतात. हाक मारली तर डोळे उघडतात, ‘हं’ म्हणतात, परत मिटतात. घास तोंडात तसाच राहतो. कुणाला त्रास नाही, बेल नाही, तक्रार नाही. सकाळच्या हँडओव्हरला सांगितलं जातं, ‘बेड नंबर नऊ, आजी, रात्रभर शांत झोपल्या.’ वृद्धांच्या बाबतीत या ‘शांत’ शब्दानं कान टवकारायला हवेत. काल बडबड्या असलेल्या आजी आज शांत असतील, तर ती तातडीची बाब आहे. या गप्प भ्रमाला कित्येकदा थकवा समजतात, नैराश्य समजतात आणि दोन दिवस हातचे जातात.

ओळखायचं कसं? एकोणीसशे नव्वद साली डॉ. शॅरन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक पद्धत मांडली, ती जगभर वापरली जाते. तिचा गाभा साधा आहे. बदल अचानक झाला का, आणि तो दिवसभरात कमीजास्त होतो का? लक्ष टिकतं का? बदल तसा असेल, लक्ष टिकत नसेल आणि जोडीला बोलण्यात विसंगती किंवा शुद्धीत फरक असेल, तर भ्रम धरून चालायचं. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, महिन्या-वर्षांनी वाढतो. भ्रम तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत येतो. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसालाच भ्रम सहज होतो, हे मात्र विसरू नये. ‘त्यांना विसरायचा आजार आहेच’ असं म्हणून नवा बदल बाजूला सारला जातो.

बदल अचानक झाला का, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पेशंटकडे नसतं, ते घरच्यांकडे असतं. आपल्याकडे खाटेशेजारी कुणीतरी नातेवाईक बसलेलं असतं, ही फार मोठी सोय आहे आणि ती आपण डबा आणायला नि औषधं आणायला वापरून संपवतो. त्या मुलीला किंवा सुनेला विचारावं, ‘ताई, आठ दिवसांपूर्वी आई कशा होत्या? स्वतः अंघोळ करायच्या? भाजी निवडायच्या? टीव्हीवर काय बघायच्या?’ तिचं उत्तर केसपेपरवर लिहून ठेवावं. त्या माणसाची रोजची पातळी माहीत नसेल, तर आजचा बदल मोजायचा कशाच्या तुलनेत?

लक्ष टिकतं का हे पाहायला वार उलटे म्हणायला सांगावे : रविवार, शनिवार, शुक्रवार. तब्येत ठीक असलेल्या, शाळेत न गेलेल्या आजीही हे करतात, थोडा वेळ लावून. भ्रम असेल तर शनिवारनंतर गाडी भलत्याच रुळावर जाते, किंवा प्रश्न काय होता तेच विसरतं. ‘आज तारीख काय?’ हा प्रश्न मला खेड्यातल्या माणसांसाठी निरुपयोगी वाटतो. ज्यांनी जन्मात इंग्रजी तारीख पाहिली नाही, त्यांना ती चुकली म्हणून भ्रमात काढणं हा अन्याय आहे. आत्ता पेरणी चालली आहे की काढणी, पुढचा सण कोणता, एकादशी होऊन गेली का, हे विचारावं. आणि हे सगळं विचारण्याआधी चष्मा डोळ्यांवर आहे का आणि कानाचं मशीन कानात आहे का, ते बघावं. उशाच्या पिशवीत पडलेल्या कानाच्या मशिनामुळे ‘कन्फ्युज्ड’ ठरलेली माणसं प्रत्येक हॉस्पिटलात सापडतील.

भ्रम आहे असं वाटलं की पहिलं काम ग्लुकोमीटरचं. एकादशीचा उपास आणि सकाळची शुगरची गोळी मात्र न चुकता घेतलेली, ही जोडी आपल्याकडे नेहमीची आहे. साखर उतरलेला म्हातारा माणूस दारू प्यायल्यासारखा वागू शकतो. मग ऑक्सिजन, बीपी, ताप. आणि श्वास. एक मिनिट पूर्ण, पोटा-छातीकडे बघत मोजलेला. चार्टवर सगळ्यांच्या नावापुढे ‘२०’ लिहिण्याची सवय फार जुनी आहे आणि फार घातक आहे, कारण म्हाताऱ्या माणसाच्या न्यूमोनियात ताप येण्याआधी श्वासाची गती वाढलेली असते. मिनिटाला २६-२८ श्वास दिसले तर ते डॉक्टरांना लगेच कळायला हवं. त्यानंतर ओटीपोटावर हात ठेवावा : लघवी तुंबली आहे का? शौचाला किती दिवस झाले? कुठे दुखतंय का? काल कोणती गोळी नवीन सुरू झाली? पुष्कळदा उत्तर याच प्रश्नांत सापडतं.

भ्रमात असलेल्या माणसाचे हात खाटेला बांधण्याची पद्धत अजून चालते. सलाईन वाचते, पण भ्रम वाढतो, मनगटं सोलवटतात, बांधलेल्या अवस्थेत उतरू पाहणारा माणूस वाईट पडतो. लघवीची नळीही एक प्रकारचं बांधणंच आहे. इनोये यांच्याच गटानं १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साध्या गोष्टी नेमानं केल्या होत्या : वेळच्या वेळी पाणी, रात्री झोपमोड टाळणं, चष्मा आणि कानाचं मशीन, रोज चालवणं, वार-वेळेची आठवण देत राहणं. नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला, या पद्धतीत ९.९ टक्क्यांना. यात एकही औषध नव्हतं, होती ती चांगली नर्सिंग केअर.

आता पडणं. ‘पाय घसरला’ हे उत्तर ऐकून थांबायचं नाही. ओली मोरी असते, उंबरठा असतो, नऊवारीचा ओचा पायात येतो, हे खरंच. पण तीच मोरी, तोच उंबरठा तीस वर्षं होता. मग आजच का? उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, हे विचारावं आणि बीपी झोपवून व उभं करून, दोन्ही घ्यावं. पाच मिनिटं आडवं ठेवून एकदा, उभं राहिल्यावर एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचं बीपी २० किंवा खालचं १० नं उतरलं, तर पडण्याचं एक कारण हाती आलं. बसून घेतलेलं एकच बीपी १३०/८० म्हणून सगळं ठीक, असं धरलं की हे कारण सुटतं. चालता येत असेल तर खुर्चीवरून उठायला सांगावं, ३ मीटर, म्हणजे साधारण १० फूट चालून, वळून, परत येऊन बसायला सांगावं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरावा. वेळेइतकंच बघण्यासारखं आणखी काही असतं. उठताना हातांचा आधार किती घेतला, वळताना किती छोटी पावलं टाकली, भिंतीकडे हात गेला का.

पडून गेलेल्या माणसाला दोन प्रश्न जरूर विचारावेत. पहिला : पडल्यावर स्वतः उठता आलं का, आणि किती वेळ खाली होता? तास-दीड तास फरशीवर पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू दबून खराब होतात आणि त्यातून मूत्रपिंडावर ताण येतो, अंग गार पडतं, त्वचा दबते. दुसरा प्रश्न रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा. अशा माणसाच्या डोक्याला किरकोळ टेंगूळ येऊन गेलं असेल आणि दोन-तीन आठवड्यांनी सुस्ती, डोकेदुखी, चालताना एका बाजूला झुकणं सुरू झालं, तर डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त हे त्याचं कारण असू शकतं. तोवर घरचे ते टेंगूळ विसरलेले असतात.

लघवीवरचा ताबा सुटणं हा विषय कुणीच आपणहून काढत नाही. बायका तर नाहीच. वॉर्डात संडास लांब, रात्री दिवा नाही, म्हणून आजी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून शरीर कोरडं पडतं, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, बीपी उतरतं, भ्रम होतो, आणि सुरुवात कुठून झाली हे कुणाला कळत नाही. आवाज खाली आणून, पडदा ओढून विचारावं, ‘आजी, जायची घाई होते का? वाटेतच होते का?’ अचानक सुरू झालेला हा त्रास पुष्कळदा बरा होणारा असतो : संसर्ग, वाढलेली साखर, लघवी होण्याची गोळी चुकीच्या वेळी देणं, किंवा निव्वळ खाटेची उंची. आजोबांची लघवी थेंबथेंब गळत असेल आणि ओटीपोट टणक लागत असेल, तर मूत्राशय रिकामं होत नसून भरून वाहतं आहे. तसंच शौचाचं. पाच दिवस शौचाला न झालेल्या माणसाला अचानक पातळ होऊ लागलं, तर जुलाब थांबवणारी गोळी देण्याआधी खडा अडकला आहे का ते तपासून घ्यावं. घट्ट मळाच्या कडेनं पातळ मल झिरपत असतो, आणि ती गोळी परिस्थिती आणखी बिघडवते. लगेच डायपर बांधण्यानं मात्र एकच होतं : शोध थांबतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. ताट परत गेलं तर का गेलं ते पाहावं. कवळी डबीत राहिली होती का, तोंड आलं आहे का, ताट हाताला पोहोचत होतं का, भरवायला कुणी होतं का. पाणी पिताना ठसका लागत असेल, किंवा घोट घेतल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा येत असेल, तर अन्न-पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहे. डॉक्टरांनी पाहीपर्यंत तोंडानं देणं थांबवावं, आणि आडव्या माणसाच्या तोंडात चमच्यानं पाणी तर कधीच घालू नये. वजनाची नोंद नसेल तर बांगड्या, अंगठी, ब्लाउज सैल झाले का ते विचारावं. झोपेबाबत एवढंच, की रात्रभर जागणाऱ्या पेशंटसाठी झोपेची गोळी मागण्याआधी तो दुपारभर झोपला होता का, त्याला दुखतंय का, आणि पहाटे तीनला आपणच त्याला बीपीसाठी उठवतोय का, हे बघावं.

त्वचेकडे बघताना आपल्या पुस्तकांतली एक अडचण आहे. पुस्तकं सांगतात, दाबामुळे होणारी जखम आधी लाल दिसते. सावळ्या, काळ्या त्वचेवर ती लाली दिसतच नाही. तिथे डोळ्यांपेक्षा हात कामाचा. माकडहाडावर, टाचांवर, खुब्याच्या उंचवट्यावर, ऑक्सिजनच्या नळीखाली कानामागे बोटं ठेवावीत आणि शेजारच्या त्वचेशी तुलना करावी. तिथे जास्त गरम किंवा गार लागतं का? टणक किंवा लिबलिबीत लागतं का? दाबल्यावर पेशंट कळवळतो का? रंग आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट आहे का? जखम वर दिसण्याआधी आत सुरू झालेली असते. १९८७ पासून वापरात असलेल्या ब्रेडन स्केलमध्ये २३ पैकी १८ किंवा कमी गुण आले तर धोका समजतात. पण गुण लिहून फाइल बंद केली तर त्वचेला काय फायदा? कूस बदलायची, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची. पाठीला स्पिरिट लावून रगडून मालिश करायची जुनी शिकवण आता सोडायला हवी; दबलेल्या जागेवर चोळल्यानं आतल्या पेशी आणखी फाटतात. बाजारात मिळणारी रबरी रिंगही नको, तिच्या कडेचा दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो.

या सगळ्याच्या मुळाशी अनेकदा खाटच असते. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डॉ. मार्जोरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या गरीबखान्याच्या इस्पितळातले ७१४ रुग्ण आले. कितीतरी जण वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले होते. वॉरन यांनी प्रत्येकाला तपासलं, उठवलं, चालवलं, आणि पुष्कळ जण घरी गेले. ब्रिटनमधल्या वृद्धवैद्यकाची सुरुवात तिथून धरतात. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस नुसतं झोपवून ठेवलं. पायांचं सुमारे एक किलो मांस गेलं. ते निरोगी होते. आपल्या वॉर्डातल्या माणसाला त्याखेरीज ताप असतो, भूक नसते. ‘बाबांना उठवू नका, आराम पडू दे’ म्हणणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावं लागतं. तो प्रेमानंच म्हणत असतो.

शेवटी पिशवी. ॲडमिशनच्या वेळी घरचे एक प्लास्टिकची पिशवी देतात, तिच्यात तीन डॉक्टरांच्या गोळ्या असतात, शिवाय मेडिकलवाल्यानं दिलेली सर्दीची आणि शेजारणीला लागू पडलेली झोपेची. बीपीच्या एका गोळीनं पाय सुजतात, सूज उतरायला लघवीची गोळी येते, तिच्यानं घाई होऊ लागते, घाईसाठी आणखी एक गोळी येते आणि तिच्यानं तोंड कोरडं पडतं, शौचाला होत नाही, बुद्धी चळते. तीन डॉक्टरांपैकी चुकीचं कुणीच वागलेलं नसतं, कारण तिघांपैकी कुणी सगळी पिशवी एकत्र पाहिलेली नसते. सर्दीच्या साध्या गोळीनंही म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबू शकते आणि भ्रम होऊ शकतो. म्हणून राउंडच्या आधी पिशवी खाटेवर रिकामी करावी. प्रत्येक पाकीट घरच्यांसमोर धरून विचारावं : ही कुणी दिली, कधीपासून, कशासाठी, आणि खरंच रोज घेतात का? मग ती यादी तारखांसह लिहावी, आणि जिथे नवीन गोळी सुरू झाल्याची तारीख व पडल्याची, गप्प झाल्याची किंवा कपडे ओले झाल्याची तारीख जवळ येते, तिथे खाली रेघ ओढून ती डॉक्टरांपुढे ठेवावी.